टेस्ट सगळ्या ठीक येतात, तरी चेरी श्रिंप का मरतायत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. वाकडला सोसायटीत राहता, दीड बाय एक बाय एक फुटाचा टँक, चालू होऊन पाच महिने झाले, स्पंज फिल्टर, मॉस आणि थोडं अनुबियास ही पाण्यातली झाडं, तीसेक रेड चेरी (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी), चार-पाच रॅम्सहॉर्न गोगलगायी, मासा एकही नाही. एप्रिलपासून सोसायटीत टँकर सुरू झाला आणि गेले तीन आठवडे दर एक-दोन दिवसांनी एक मोठी श्रिंप मेलेली सापडते. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, पीएच ७.६, तापमान २७. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ४२० होता, तो "जास्त वाटला म्हणून" काल तुम्ही ४० टक्के पाणी काढून किचनमधल्या आरओचं पाणी भरलंत आणि आता २७० आलाय. दुकानवाल्याने एक निळं औषध दिलंय, ते टाकू का?

नका टाकू. ते नाही आणि दुसरं कुठलंच नाही. माशांच्या बऱ्याच औषधांमध्ये तांबं असतं, ते श्रिंपला चालत नाही, आणि अजून आजार आहे का हेच माहीत नाही तर औषध कशाचं देणार. मरायला लागल्या की माणूस घाबरून रोज काहीतरी करतो, पाणी बदलतो, औषध टाकतो, फिल्टर धुतो, आणि माझ्या अनुभवात मूळ कारणाने जेवढ्या मरतात त्यापेक्षा जास्त ह्या धावपळीत मरतात.

लांबून, फोटो न बघता जो कोणी छातीठोकपणे सांगेल की ह्याच कारणाने मरतायत, तो फेकतोय असं समजा. मी दहा-अकरा वर्षं चेरी पाळतोय (आमच्या आईच्या मते मी जवळा पाळलाय, आणि तोही चटणीला पुरणार नाही एवढा), तरी मला पण फक्त अंदाज बांधता येतो. पण अंदाज बांधायची एक रीत आहे, ती सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ह्या ज्या टेस्ट तुम्ही केल्यात त्या टँकच्या आतल्या घाणीच्या आहेत. खाणं सडलं, फिल्टर बसला, गर्दी झाली तर अमोनिया नायट्राइट वर येतं. तुमचं शून्य आहे म्हणजे तुमचा टँक व्यवस्थित चाललाय, त्याबद्दल शाबासकी. पण श्रिंप बऱ्याचदा मरते ती टँकमध्ये बाहेरून काय येतंय त्याने, म्हणजे पाण्यातून किंवा हवेतून, आणि ते ह्या किटमध्ये दिसतच नाही. म्हणून सगळ्या टेस्ट ठीक आहेत तरी मरतायत ह्यात गूढ काही नाही, आपण चुकीच्या दारावर टकटक करतोय एवढंच.

मग दार कुठलं ते कसं कळणार? मरण्याच्या पद्धतीवरून. एका रात्रीत निम्म्या गेल्या तर विष किंवा ऑक्सिजन. दुकानातून आणल्यावर पहिल्या आठवड्यात गेल्या तर प्रवास आणि पाण्यातला फरक. तुमच्यासारखं दोन दिवसाला एक, आणि तेही मोठ्या, तर मी सगळ्यात आधी कात बघतो. श्रिंप वाढते तशी कात टाकते, लहान असताना पटापट, मोठी झाली की साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि त्या वेळी ती सगळ्यात नाजूक असते. प्रत्येकीची कात वेगवेगळ्या दिवशी येते म्हणून मरणं पण एक आज, एक परवा असं होतं. हा तुमचाच पॅटर्न आहे. मेलेली श्रिंप उचलून नीट बघा, डोक्याचं कवच संपतं आणि शेपटीकडचा भाग सुरू होतो तिथे पूर्ण गोल पांढरा पट्टा दिसतोय का. नुसती पाठीवर बारीक रेघ असेल तर ते नॉर्मल असतं, पण बांगडीसारखा सगळीकडून पट्टा म्हणजे कात फुटली पण तिला बाहेर पडता आलं नाही. अशी जिवंत सापडली तर चिमट्याने सोडवायला जाऊ नका, मी दोनदा प्रयत्न केलाय, दोन्ही गेल्या.

आणि हे पण बघा की जी मेली म्हणताय ती खरंच श्रिंप आहे की नुसती कात. हसू नका, अर्ध्या लोकांचं इथेच चुकतं. कात काचेसारखी पारदर्शक आणि पोकळ असते, मेलेली श्रिंप आतून भरलेली आणि उकडलेल्या कोळंबीसारखी गुलाबी-नारिंगी होते. कात काढून टाकू नका, त्याच खातात ती, कॅल्शियम परत मिळतं.

आता तुमच्या पाण्याचा हिशोब करू, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. टँकमध्ये ४२० होतं, आरओचं साधारण ४० धरू. ६० टक्के जुनं म्हणजे २५२, ४० टक्के नवीन म्हणजे १६, एकूण २६८. तुमच्या मीटरने २७० दाखवलं, बरोबर जुळतंय. म्हणजे दहा मिनिटांत ४२० वरून २७०. माशाला कदाचित चाललं असतं, श्रिंपला नाही. तिच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, बाहेरचं अचानक पातळ झालं की पाणी आत शिरायला लागतं, अंगावर ताण येतो आणि नवीन कवच तयार नसताना अवेळी कात टाकायला जाते. म्हणून मोठं पाणी बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरणं दिसतं आणि माणूस परत पाणी बदलतो. आज तुम्ही परत ४० टक्के बदललंत तर १७७ वर याल, म्हणजे दोन दिवसांत निम्म्याच्या खाली. तर आज काही करू नका. ४२० परत आणायला पण जाऊ नका, आहे तिथेच राहू द्या.

पण आरओ तर कालच टाकलंय आणि मरणं तीन आठवड्यांपासून आहेत, मग? टँकर. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बऱ्याच सोसायट्यांत नळाला येणारं पाणी हे एक पाणी नसतंच. महापालिकेचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, तिन्ही खालच्या टाकीत एकत्र होतात आणि प्रमाण रोज वेगळं. मी सिंहगड रोडला राहायला आलो त्या वर्षी मला पण कळत नव्हतं, मग एक महिना रोज सकाळी नळाचं पाणी मोजून कॅलेंडरवर, ते दुधाचा हिशोब लिहितात ना त्या चौकोनात, लिहून ठेवलं. धरणाचं पाणी आलं त्या दिवशी ११०, टँकर आला की ६४०, मधल्या दिवशी काहीही. मी समजत होतो की मी दर रविवारी तेच पाणी टाकतोय. एका रविवारी धरण, दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी शेतातली बोअर. तुम्ही पण पंधरा दिवस लिहा, फुकटचं काम आहे.

दुसरी एक गोष्ट उन्हाळ्यात होते. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. पातळी खाली गेली की आपण परत नळाचंच भरतो, म्हणजे दर वेळी क्षारांचा नवीन हप्ता, आणि दोन-तीन महिन्यांत २०० चं ४०० कधी झालं कळत नाही. हे हळूहळू चढणं श्रिंप बऱ्यापैकी सहन करते, पण वरून अचानक खाली उतरवलं की संपलं. म्हणून उडालेलं पाणी भरायला शुद्ध आरओ, आणि बदलायला टँकशी जुळणारं पाणी, ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीला एकच बादली वापरू नका. इथे एक सावधगिरी, काही जण एसीच्या पाइपमधून पडणारं पाणी शुद्ध म्हणून वापरतात. एसीच्या आतली नळी बहुतेक तांब्याची असते, त्या भानगडीत पडू नका.

आता टीडीएस मीटरबद्दल, कारण त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. तो पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. श्रिंपला लागतं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ज्याला आपण जीएच म्हणतो. चेरीला मी जीएच ६ ते ८, केएच (पीएच स्थिर धरणारे क्षार) ३ ते ५, टीडीएस २०० च्या आसपास ठेवतो, पण २८० ला पण मस्त पिल्लं काढणारे आहेत, आकड्यापेक्षा तो आकडा रोज तोच असणं महत्त्वाचं. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का हे प्लंबरला किंवा कमिटीतल्या कुणाला तरी नक्की विचारा. बोअरचं पाणी जड असतं, नळ आणि गिझर पांढरे होतात म्हणून नवीन सोसायट्या सॉफ्टनर लावतात, त्यात मिठाची पोती ओततात. तो करतो काय तर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, ४०० चा ४००, पण जीएच १ नाहीतर २. मीटर बघून आपण म्हणतो वा काय क्षार आहेत, आणि श्रिंपला कवच करायला चुनाच नाही. कात अडकून मरण्याचं हे इतकं सरळ कारण आहे आणि विचारतं कुणीच नाही. तेव्हा निळं औषध परत करा आणि त्या पैशात थेंबवालं जीएच-केएच किट घ्या.

तिसरा संशय तुमचा किचनमधला आरओ. कुठला आहे ते लिहिलं नाहीत. आजकाल पाण्यात तांबं सोडणारे प्युरिफायर बरेच विकले जातात, माणसाला चांगलं म्हणून. माणसाला असेल, श्रिंपला नाही. तिच्या रक्तात लोहाऐवजी तांबंच असतं, म्हणून रक्त निळसर, पण ते तिच्या हिशोबाने, बाहेरून थोडंसं जरी जास्त आलं तरी विष. एका मित्राकडे सगळं व्यवस्थित असताना दर सोमवारी श्रिंप मरायच्या, शेवटी कळलं की रविवारी त्याची आई टँकमध्ये प्रेमाने हंड्यातलं पाणी भरायची, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं, "नळाचं कशाला, हे चांगलं". माउलीचा हेतू शुद्ध होता. तर प्युरिफायरवर कॉपर असं कुठे लिहिलंय का बघा. असेल तर ते पाणी बंद. गिझरचं कोमट पाणी पण टँकला नको.

इथे तुमच्या गोगलगायी कामाला येतात. तांब्याने श्रिंप मरते आणि गोगलगाय पण मरते, निदान शंखात बसून राहते, हलत नाही. तुम्ही लिहिलंय गोगलगायी मजेत फिरतायत, अंडी पण घातलीयत. म्हणजे तांबं असण्याची शक्यता माझ्या मते कमी, पण कालचंच पाणी आहे, दोन दिवस लक्ष ठेवा.

उलट गोगलगायी मजेत आणि श्रिंप पाठीवर पडून पाय झटकतायत, गोल गोल फिरतायत, असं दिसलं तर डोळे झाकून कीटकनाशकाचं विष समजा. झुरळ, डास आणि कोळंबी एकाच खानदानातले, सगळे संधिपाद, त्यामुळे झुरळासाठी बनवलेलं औषध कोळंबीला तेवढंच लागू पडतं, आणि पाण्यात तर फारच कमी पुरतं. माझी सगळ्यात मोठी हानी ह्यानेच झाली. दिवाळीच्या आधी घरी पेस्ट कंट्रोल केलं, करणारा म्हणाला हर्बल आहे, वास पण येणार नाही. टँक हॉलमध्ये, फवारणी किचनमध्ये, वर चादर टाकली, स्वतःला फार हुशार समजलो. एअर पंप मात्र किचनच्या दारामागे जमिनीवर ठेवलेला होता, आवाज येतो म्हणून. तो रात्रभर किचनची हवा ओढून टँकमध्ये बुडबुडे सोडत बसला. सकाळी दीडशेच्या वर श्रिंप लाल चादरीसारख्या तळाला, आणि गोगलगायी काचेवर निवांत. तेव्हापासून घरात फक्त झुरळांचं जेल लावतो, पावसाळ्यात डेंग्यूसाठी धूर मारायला माणसं आली की खिडक्या बंद, पंप बंद, टँकवर ओला टॉवेल, तास-दीड तासाने परत चालू. तेवढ्या वेळाने स्पंजमधले घाण पचवणारे बॅक्टेरिया मरत नाहीत, काळजी नको.

मच्छर मशिनबद्दल लोक भांडतात, कुणी म्हणतं माझ्याकडे रोज चालू असतं आणि काही होत नाही. खरं असेल, खोली मोठी, पंखा, उघडी खिडकी, लांब टँक, ह्यावर आहे ते. बंद बेडरूममध्ये एसी लावून, मशिन टँकच्या शेजारच्या सॉकेटला, हे मात्र मी करणार नाही. डासांचं मलम लावलेला हात टँकमध्ये घालू नका, आणि कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल तर त्याला हात लावून लगेच टँक साफ करायला बसू नका. नवीन झाडं आणलीत का तेही आठवा. नर्सरीतली झाडं फवारलेली असू शकतात, मी वेगळ्या बादलीत आठ-दहा दिवस रोज पाणी बदलून ठेवतो. त्यातून चतुराची अळी पण येते कधीकधी, ती औषध नाही, सरळ श्रिंप खाते, पण मग मेलेली सापडतच नाही, नुसता आकडा कमी होतो.

बाकीची कारणं पटकन. २७ डिग्रीला घाबरू नका, ३० च्या वर गेलं की विचार करा, कारण २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० ला साडेसात, त्यात रात्री लाइट गेली आणि पंप बंद पडला की पहाटे सगळ्या वर येऊन बसतात. वय, दुकानात लालभडक मोठ्या माद्या आवडीने घेतो आपण, पण चेरीचं आयुष्यच दीड-दोन वर्षांचं, ती आधीच वर्षाची असेल तर पाच महिन्यांनी जाणारच, म्हणून अर्ध्या इंचाच्या लहान घ्यायच्या. आजार असेल तर बऱ्याचदा दिसतो, नाकाच्या टोकावर पांढरा कापूस, पोटाखाली अंड्यांच्या जागी पिवळट-हिरवी बुरशी, किंवा अंग आतून दुधासारखं पांढरं. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही म्हणून त्यात शिरत नाही. आणि सगळ्या अचानक वेड्यासारख्या पोहायला लागल्या तर लगेच विष समजू नका, एखाद्या मादीने कात टाकली की नर तिला शोधत असेच धावतात, काही तासांनी शांत होतात.

तर तुमच्या बाबतीत माझा क्रम असा आहे. आधी बदलतं पाणी आणि कमी जीएच, मग लांब मागे तांबं, आणि कीटकनाशक सगळ्यात शेवटी, कारण त्याने अशा एकेक करून तीन आठवडे सहसा मरत नाहीत. ह्या आठवड्यात पाणी बदलू नका, खाणं निम्म्यावर आणा, मेलेली दिसली की काढा. जीएच-केएच किट आलं की टँक आणि नळ दोन्ही तपासा. जीएच ४ च्या खाली निघाला तर श्रिंपसाठी मिनरलची पावडर मिळते, ती टँकमध्ये थेट न टाकता बादलीत विरघळवून, जीएच दिवसाला एक डिग्री एवढाच चढवा. पक्ष्यांना देतात तो समुद्रफेसाचा तुकडा टाकलात तरी चालेल, पण तो फार हळू विरघळतो, त्याच्यावर विसंबून राहू नका. देशी बदामाचं वाळलेलं पान सोसायटीच्या आवारात सापडलं तर धुऊन एक टाका, श्रिंप त्याच्यावर जी बारीक शेवाळी धरते ती खातात, फक्त सोसायटीचा माळी त्या झाडावर काही मारत नाही ना ते विचारून.

पुढच्या आठवड्यापासून एक २० लिटरची बादली फक्त टँकसाठी ठेवा, साबण न लागलेली. नळाचं आणि बिनतांब्याचं आरओ मिसळून टँकच्या टीडीएसच्या २०-३० च्या आत आणा, क्लोरीन मारणारे अँटिक्लोरचे थेंब टाका, एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवतात. मग १० टक्के, आठवड्यातून एकदा, आणि ते पण ओतू नका. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणा, बादली टँकच्या वर ठेवून थेंबाथेंबाने सोडा, दोन तास लागू देत, तोवर तुम्ही चहा प्या. नवीन श्रिंप आणाल तेव्हा पिशवीत टँकचं पाणी सोडायला तोच सेट कामाला येतो. पण नवीन आत्ता आणू नका, सलग महिनाभर मरण थांबलं की मग.

मरणं लगेच नाही थांबणार हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांची कात आतल्या आत बिघडलीय त्या अजून दहा-पंधरा दिवस जातील, तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी. त्या वेळी परत काहीतरी नवीन करून बघायचा मोह होईल, नका करू.

उद्या जमलं तर तीन गोष्टी कळवा. सॉफ्टनर आहे का, प्युरिफायर कॉपरवाला आहे का, आणि पुढची मेलेली सापडली की तिचा आडवा फोटो, पांढऱ्या कागदावर, मागून मोबाइलचा टॉर्च धरून, म्हणजे तो पट्टा आहे की नाही ते दिसेल.